लाट उशिरा येते, मागे सुरकुत्या सोडते, घात वाढवला की फुटते: बेसिस फंक्शन बदलण्याआधीच्या तपासण्या

लक्षणं

तरंग समीकरण सोडवणारा तुमचा कोड चालतो, पण खालच्यापैकी काहीतरी दिसतं:

- पल्स छान निघते, पण दूर जाता जाता तिच्या मागे (कधी पुढे) बारीक सुरकुत्यांची रांग लागते.
- शिखर चुकीच्या वेळी पोहोचतं. अंतर दुप्पट केलं की चूकही दुप्पट.
- बहुपदीचा घात २ वरून ८ केला आणि शे-दोनशे टाइम स्टेपमध्ये आकडे अनंताकडे पळाले.
- मधे उत्तर सुरेख, टोकांपाशी मात्र झालर.
- घात वाढवला तरी चूक हवी तशी घटत नाही.
- उजवीकडून बाहेर गेलेली लाट डावीकडून परत आत येते.
- विद्युतचुंबकीय कॅव्हिटीच्या अनुनादांच्या यादीत अशा वारंवारता येतात, ज्या तिथे असूच शकत नाहीत.

ही सगळी दुखणी बेसिस फंक्शनच्या माथी मारली जातात, म्हणजे ज्या साध्या आकारांची बेरीज करून कोड लाट उभी करतो त्यांच्या. हे आकार बहुतेकदा पेटीच्या छोट्या तुकड्यांवर (एलिमेंट) बसवतात, आणि त्या तुकड्यांचं जाळं म्हणजे मेश. «लिनियर एलिमेंट होते म्हणून झालं, चेबिशेव्ह घ्यायला हवं होतं.» ही दुरुस्ती मी स्वतःच्या आणि इतरांच्या कोडमध्ये इतक्यांदा केली आहे की आता कुणी बेसिस बदलायची गोष्ट काढली की मी आधी भलतंच काहीतरी विचारतो. बेसिस बदलणं म्हणजे अर्धा कोड नव्याने लिहिणं. त्याआधी पाच मिनिटांत, तासाभरात, दिवसभरात होणाऱ्या तपासण्या आहेत. त्या याच क्रमाने करा.

पहिली तपासणी: सर्वांत लहान तरंगलांबीत बिंदू किती? (कागद आणि पेन पुरे)

कुठलंही बेसिस घ्या, लाटेची एक वळकटी पकडायला त्याला काही किमान बिंदू लागतात. फूरिये बेसिसला तत्त्वतः एका तरंगलांबीत २, चेबिशेव्हला सरासरी पाय म्हणजे ३.१४, चार-पाच घाताच्या स्पेक्ट्रल एलिमेंटला व्यवहारात ५ च्या आसपास. लिनियर एलिमेंट किंवा दुसऱ्या ऑर्डरच्या फायनाइट डिफरन्सला १० म्हणतात, आणि इथेच फसगत होते. तिच्याकडे पुढे येतोच.

मोजताना दोन चुका हमखास होतात. पहिली, स्रोताची मुख्य वारंवारता धरून तरंगलांबी काढली जाते. रिकर पल्समध्ये (स्रोत म्हणून नेहमी वापरली जाणारी एक छोटी पल्स) मुख्य वारंवारतेच्या साधारण अडीचपट वारंवारतेपर्यंत दखल घेण्याजोगी ऊर्जा असते. दुसरी, वेग सरासरी धरला जातो. मोजायचा असतो सर्वांत मंद थरातला वेग.

समजा सर्वांत कमी वेग सेकंदाला १५०० मीटर आणि रिकरची मुख्य वारंवारता २० हर्ट्झ. चुकीच्या हिशोबाने तरंगलांबी ७५ मीटर. खरी जपायची तरंगलांबी १५०० भागिले ५०, म्हणजे ३० मीटर. ५ बिंदूंच्या नियमाने सरासरी अंतर ६ मीटर हवं, आणि चौथ्या घाताचा एलिमेंट २४ मीटरपेक्षा मोठा नको. ७५ धरून चाललात तर तो ६० मीटरचा केलेला असतो. मग वरच्या वारंवारता मागे रेंगाळतात आणि शेपूट दिसतं. असल्या शेपटावर बेसिसचा इलाज नाही. मेश बारीक करा, नाहीतर स्रोत मवाळ करा.

आता ती १० बिंदूंची फसगत. लिनियर एलिमेंट, लंप केलेलं (प्रत्येक ओळीची बेरीज करून कर्णावर आणलेलं) मास मॅट्रिक्स आणि तरंगलांबीत १० बिंदू घेतले तर लाटेचा वेग सुमारे १.६ टक्क्यांनी कमी पडतो. ऐकायला किरकोळ वाटतं, पण चूक साचत जाते: ५० तरंगलांब्या चालल्यावर लाट जवळपास ०.८ तरंगलांबी मागे असते. शिखर दऱ्यांच्या पलीकडे जाऊन बसलेलं असतं! २० बिंदू घेतले तर चूक ०.४ टक्के होते. म्हणून «१० बिंदू पुरतात» हे वाक्य किती अंतरासाठी, हे सांगितल्याशिवाय निरर्थक आहे.

दुसरी तपासणी: टाइम स्टेप अर्धा करून बघा

एक आकडा बदलायचा आणि कोड पुन्हा चालवायचा. फुटणारा कोड अर्ध्या स्टेपवर शहाण्यासारखा वागला, तर ती कुरांट, फ्रीडरिक्स आणि लेवी यांनी १९२८ मध्ये दाखवलेली जुनीच अट आहे: टाइम स्टेप मेशमधल्या अंतराच्या मानाने ठरावीक मर्यादेपेक्षा मोठा नको. घात वाढवणाऱ्यांना ती हटकून नडते, कारण ही अट एलिमेंटच्या आकारावर जात नाही, दोन नोडमधल्या (बहुपदी ज्या बिंदूंतून ओढतात ते) सर्वांत लहान फटीवर जाते. गाउस-लोबातो नोड टोकांकडे दाटी करतात: घात २ असताना सर्वांत लहान फट एलिमेंटच्या अर्धी, घात ४ ला सुमारे ०.१७ पट, घात ८ ला सुमारे ०.०५ पट. म्हणजे तोच एलिमेंट ठेवून घात २ चा ८ केलात, तर टाइम स्टेप साधारण दहापट लहान हवा. घात आणखी चढवत गेलात तर फट घाताच्या वर्गाच्या प्रमाणात आक्रसत जाते. कोड फुटला तो याच हिशोबाने. बेसिसचा त्यात दोष नाही.

स्टेप कितीही लहान केला तरी हळूहळू फुगतच असेल तर इंटिग्रेटर, म्हणजे उत्तर वेळेत पुढे नेणारी पद्धत, बघा. ऊर्जा न गिळणाऱ्या बेसिसमध्ये तरंगाच्या आयगेनव्हॅल्यू काल्पनिक अक्षावर बसतात. साधी ऑयलर पद्धत आणि दुसऱ्या ऑर्डरची रुंगे-कुट्टा यांचा त्या अक्षावर स्थैर्याचा टापूच नाही. तिसऱ्या ऑर्डरचा (टाइम स्टेप गुणिले आयगेनव्हॅल्यू) १.७३ पर्यंत जातो, चौथ्याचा २.८३ पर्यंत. ऑयलर वापरून «बेसिस अस्थिर आहे» म्हणणारे कोड मी पाहिले आहेत.

आणि आता ती गोष्ट, जिच्यामुळे सगळ्यात जास्त लोक माझ्याकडे येतात: टाइम स्टेप लहान केला आणि चूक वाढली. कोडमध्ये बग शोधत बसू नका. लंप केलेलं मास लाटेला मागे खेचतं, वेळेत पुढे नेणारी लीपफ्रॉग पद्धत तिला पुढे ढकलते. एका मितीत सारख्या अंतराच्या मेशवर, स्टेप नेमका स्थैर्याच्या मर्यादेवर ठेवला, तर दोन्ही चुका एकमेकींना पूर्ण खोडतात. तरंगलांबीत १० बिंदू असताना मर्यादेच्या ०.९ पट स्टेपवर वेगातली घट जेमतेम ०.३ टक्के असते. तोच स्टेप अर्धा केला की ती १.३ टक्के होते. म्हणजे आधीचं चांगलं उत्तर दोन चुकांच्या साटंलोट्यातून आलं होतं. अशा वेळी स्टेप लहान ठेवा आणि जागेतली खरी चूक उघडी पडू द्या. पुढच्या सगळ्या तपासण्या तिच्यावर करायच्या आहेत.

लंप न केलेलं मास उलट वागतं: लाट पुढे पळते, चूक तेवढीच, १० बिंदूंना १.६ टक्के, चिन्ह विरुद्ध. शिवाय लीपफ्रॉगची स्थैर्याची मर्यादा ०.५८ पट होते. लाट मागे पडते की पुढे पळते, एवढं पाहिलं तरी मास कसं घेतलं आहे याचा अंदाज येतो. एक फुकटातली युक्ती: सारख्या मेशवर लंप केलेल्या आणि न केलेल्या मासची सरासरी घेतली तर पहिल्या क्रमाची चूक कटते आणि फेज चौथ्या ऑर्डरने सुधारतो. बेसिस तेच, लिनियर. मॅट्रिक्स मात्र डायगोनल (फक्त कर्णावर आकडे असलेलं) राहात नाही, सोडवावं लागतं.

तिसरी तपासणी: खोट्या अडचणी काढून टाका

खरा प्रश्न बाजूला ठेवा. एकसंध माध्यम, साधी चौकोनी पेटी, आणि उत्तर आधीच माहीत असलेली उभी लाट घ्या. १० आवर्तनांनंतर आणि १०० आवर्तनांनंतरची चूक मोजा. मेश दोनदा अर्धी करा आणि चूक किती पटीने घटते ते एका तक्त्यात लिहा.

ही तपासणी टाळण्याकडे सगळ्यांचा कल असतो, कारण यात नवीन काही «दिसत» नाही. पण निदान इथेच दोन वाटांना फुटतं. इथे कोड अपेक्षित दराने सुधारत असेल, तर बेसिस निर्दोष आहे आणि गुन्हेगार माध्यम, सीमा किंवा स्रोत. इथेही सुधारत नसेल, तर पुढच्या दोन तपासण्या.

चौथी तपासणी: नोड कुठे ठेवले आहेत?

टोकांपाशी झालर दिसत असेल तर नोडची यादी छापून बघा. सारख्या अंतरावर असतील तर दुखणं सापडलं. रुंगे यांनी १९०१ मध्ये दाखवलं होतं की सारख्या अंतराच्या बिंदूंतून उंच घाताची बहुपदी ओढली, तर अगदी गुळगुळीत फलनसुद्धा टोकांपाशी उधळतं. चूक जितक्या पटीने फुगते तो आकडा घाताबरोबर घातांकी वाढतो, तर गाउस-लोबातो नोडवर तो फक्त लॉगरिदमच्या चालीने वाढतो. घात ३ पर्यंत फरक जाणवत नाही, म्हणूनच हा दोष वर्षानुवर्षं कोडमध्ये निवांत झोपून राहतो आणि कुणीतरी घात १० केल्यावर जागा होतो. बहुपदी तीच, अवकाश तोच, फक्त खुंट्या हलवायच्या.

पाचवी तपासणी: मास मॅट्रिक्सच्या कर्णावर शून्य किंवा ऋण आकडा आहे का?

एका ओळीचा कोड, पण अनेकांना सुचतच नाही. दुसऱ्या घाताच्या त्रिकोणी एलिमेंटमध्ये शिरोबिंदूच्या बेसिस फंक्शनचं इंटिग्रल शून्य असतं. ओळींची बेरीज करून लंप केलंत की शिरोबिंदूंचं वस्तुमान शून्य होतं आणि क्षणात भागाकार फुटतो. दुसऱ्या घाताच्या चतुष्फलकात तर ते ऋण येतं, घनफळाच्या एक-विसांश. ऋण वस्तुमानाची लाट कशी वागेल याची कल्पना करा.

चौकोनी आणि षट्फलकी एलिमेंटवर गाउस-लोबातो नोड आणि त्याच बिंदूंवरचं इंटिग्रेशन वापरलं की मास आपोआप डायगोनल आणि धन होतं. ते इंटिग्रेशन किंचित अपुरं असतं, पण तरंगासाठी चालतं. स्पेक्ट्रल एलिमेंट पद्धत १९९० च्या दशकात भूकंपशास्त्रात रुजली, त्याचं मोठं कारण हे डायगोनल मास. त्रिकोणांवर हीच सोय हवी असेल तर बेसिसमध्ये आत एक बबल फंक्शन (एलिमेंटच्या कडांवर शून्य होणारं) वाढवावं लागतं. नाहीतर मास पूर्ण ठेवा.

सहावी तपासणी: उत्तर खरंच गुळगुळीत आहे का?

घात वाढवण्याचा फायदा गुळगुळीत उत्तरालाच मिळतो. दोन थरांच्या सीमेवर दाब सलग असतो, पण त्याचा उतार तुटतो. ती सीमा एलिमेंटच्या पोटातून जात असेल, तर उताराच्या त्या एका तुटीमुळे आठव्या घाताचा एलिमेंटही पहिल्या-दुसऱ्या ऑर्डरसारखा वागतो. मेशची रेष थराच्या सीमेवर आणा. शक्य नसेल तर त्या पट्ट्यात एलिमेंट लहान करा आणि घात कमी ठेवा.

स्रोतच चौकोनी पल्स असेल तर फूरिये बेसिसमध्ये उडीच्या सुमारे ९ टक्के उसळी येणारच. संज्ञा वाढवल्यावर ती अरुंद होते, बुटकी होत नाही. ही गिब्ज यांची गोष्ट आहे. पल्सला गुळगुळीत खांदे द्या. भौतिकदृष्ट्या एका क्षणात उडी मारणारा स्रोत तसाही क्वचितच असतो.

सातवी तपासणी: काठ

लाट एका बाजूने जाऊन दुसऱ्या बाजूने येते, याचा अर्थ फूरिये बेसिस आपलं काम चोख करतं आहे. त्याच्या लेखी तुमची पेटी म्हणजे एक वर्तुळ आहे. काठाला लाट शोषणारा पट्टा द्या. बेरांजे यांनी १९९४ मध्ये मांडलेला परफेक्टली मॅच्ड लेयर त्याचा प्रसिद्ध प्रकार. लाट परतू नये एवढीच गरज असेल आणि मेमरी असेल तर पेटी मोठी करा. ओबडधोबड, पण खात्रीचा उपाय.

इथवर सगळं नीट असेल, तरच बेसिस बदला

आता खर्च सुरू होतो. कुठल्या दुखण्याला कुठलं बेसिस, हे माझ्या अनुभवाने असं आहे.

माध्यम हळुवार बदलतं, पेटी साधी, काठ आवर्ती: फूरिये. याच्याइतका स्वस्त फेज कुणी देत नाही. समीकरण नॉन-लिनियर असेल तर वर्गाच्या पदासाठी वरच्या एक-तृतीयांश वारंवारता शून्य करायला विसरू नका, नाहीतर एलियासिंगने (वरच्या वारंवारता खालच्यांचं सोंग घेतात) ऊर्जा भलत्या ठिकाणी साचते.

गुंतागुंतीचा आकार, लांब पल्ला: गाउस-लोबातो स्पेक्ट्रल एलिमेंट, घात ४ ते ८. मी सहसा ४ किंवा ५ वर थांबतो, कारण पुढे टाइम स्टेप जेवढा आक्रसतो तेवढी अचूकता वसूल होत नाही.

थरांमध्ये मोठे फरक, एलिमेंटच्या आकारात आणि घातात तफावत: डिस्कंटिन्युअस गालेर्किन. इथे बेसिस एलिमेंटच्या सीमेवर तुटलेलं असतं आणि जोडणी फ्लक्स करतो. मध्य फ्लक्स ऊर्जा जपतो पण नको असलेल्या लहरीही जपतो. अपविंड फ्लक्स त्या गिळतो, आणि मेश जाड असेल तर तुमची लाटही थोडी गिळतो. मला फ्लक्स निवडायचाच असेल तर अपविंड. एकदा मात्र याच फ्लक्सची उसवाउसव करण्यात तीन दिवस घालवले होते, आणि दोष निघाला पहिल्या तपासणीतला: स्रोताची वारंवारता चुकीची धरली होती.

विद्युतचुंबकीय कॅव्हिटी: इथे फक्त मेश बारीक करून सुटका नाही. सदिश क्षेत्राच्या प्रत्येक घटकासाठी साधे नोडल एलिमेंट वापरले तर खोटे अनुनाद येतात. बाजू पाय असलेल्या चौरस कॅव्हिटीची खरी आयगेनव्हॅल्यू १, १, २, ४, ४, ५, ५, ८ अशी जातात. नोडल लिनियर एलिमेंट विशिष्ट कर्णांच्या मेशवर त्यात ६ च्या जवळ एक पाहुणी घुसवतात, आणि मेश बारीक केली तरी ती हलत नाही. त्यावर उपाय नेडेलेक यांचे १९८० चे एज एलिमेंट. ते क्षेत्राचा कडेलगतचा घटक जोडतात, लंब घटक मोकळा सोडतात. हा एकच प्रसंग असा आहे, जिथे मी पहिल्या दिवशीच बेसिस बदला म्हणतो.

एकाच वारंवारतेचं हेल्महोल्ट्झ समीकरण: इथे तरंगलांबीतले बिंदू तेवढेच ठेवून वारंवारता वाढवली तरी चूक वाढते. याला प्रदूषण परिणाम म्हणतात. लिनियर एलिमेंटवर ही चूक तशीच राखायची, तर वारंवारता चौपट झाल्यावर मेशचं अंतर आठपट बारीक करावं लागतं, चौपटीने भागत नाही. घात वाढवल्यावर हा त्रास झपाट्याने कमी होतो. सपाट तरंगांचंच बेसिस घेणं हा आणखी मोहक पर्याय: प्रत्येक एलिमेंटमध्ये वेगवेगळ्या दिशांच्या लाटा. थोड्या अज्ञातांत सुंदर उत्तर मिळतं, पण दिशा वाढवल्या किंवा एलिमेंट लहान केला की त्या लाटा एकमेकींसारख्या दिसू लागतात आणि मॅट्रिक्सचा कंडिशन नंबर (लहान चुका उत्तरात किती फुगतात याचं माप) उडतो.

इथे थांबा आणि जाणकाराला गाठा

कंडिशन नंबर १० च्या सोळाव्या घाताजवळ गेला तर डबल प्रिसिजनमध्ये उत्तराचे आकडे भरवशाचे राहात नाहीत. चाळे करून रेसिड्युअल (उत्तर समीकरणात घातल्यावर उरणारी बाकी) खाली आणलात तरी. संख्यात्मक रेषीय बीजगणितातला माणूस हवा.

लिनियर प्रश्न, टाइम स्टेप अगदी लहान, इंटिग्रेटर योग्य, आणि तरी ऊर्जा वाढते: मॅट्रिक्सच्या आयगेनव्हॅल्यूचा वास्तव भाग धन झाला आहे. लहान मेशवर त्या काढून खात्री करा, पण सीमेची अट किंवा फ्लक्स कागदावर पुन्हा मांडणं हे ज्याने ऊर्जेच्या असमानता सिद्ध केल्या आहेत त्याचं काम. शोषक पट्टा दिशेप्रमाणे वेग बदलणाऱ्या माध्यमात बसवला आहे आणि बराच वेळ शांत राहून मग फुगतो, तर तेही याच दारात न्या. काही अशा माध्यमांत तो मुळातच अस्थिर ठरतो, तुमचे पॅरामीटर हलवून तो सुधारणार नाही.

वक्र पृष्ठभागावरचे उंच घाताचे एज एलिमेंट स्वतः लिहायला घेऊ नका. दिशांची चिन्हं जुळवण्यातच महिने जातात. तयार लायब्ररी घ्या, आणि अडलात तर ती सांभाळणाऱ्यांना विचारा. शेकडो तरंगलांब्यांचं त्रिमितीय हेल्महोल्ट्झ असेल तर अडचण बेसिसमध्ये उरलेली नसते, ती प्रीकंडिशनरमध्ये (मॅट्रिक्स सोडवणं सोपं करणारी पायरी) असते, आणि तो वेगळाच विषय आहे. आणि या उत्तरावर कुणाची सुरक्षितता अवलंबून असेल, तर वरच्या सगळ्या तपासण्या उत्तीर्ण झाल्या तरी दुसऱ्या स्वतंत्र कोडने आणि दुसऱ्या माणसाने ते पडताळल्याशिवाय पुढे जाऊ नका.

विचारायला जाताना तिसऱ्या तपासणीतला तक्ता सोबत न्या: एलिमेंटचा आकार, घात, टाइम स्टेप, नोडचा प्रकार, मास लंप केलं की नाही, आणि १० व १०० आवर्तनांनंतरची चूक. सोबत दोष दाखवणारी सर्वांत लहान मेश, शक्य असेल तर एका मितीतली.